नाकोबा आणि शेवटचा डबा

नाकोबाचं खरं नाव कोळशाच्या यार्डात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. वीजकेंद्राच्या मागच्या अंगाला कोळशाचे ढीग पडलेले असत. कोळशाचा एक गुण असा, की तो नुसता पडून राहिला तरी आतल्या आत तापतो. वरून बघाल तर गरीब गाय, आणि पोटात आग. ती बाहेर दिसेपर्यंत वाट बघत बसलं, तर अर्धा ढीग हातचा गेलाच म्हणायचा. म्हणून नाकोबा रोज सकाळी ढिगांवरून फिरायचा. चालता चालता मध्येच थांबायचा, नाक वर करायचा आणि म्हणायचा, "इथं." मग लोखंडी सळई तिथे खोल खुपसायची, जरा वेळ ठेवायची, उपसून तिला हाताची पाठ लावायची. चटका बसला की तो डोझरवाल्याला हात वर करून खूण करायचा. डोझरवाला तेवढा भाग उकरून पसरून टाकायचा, कोळसा वाऱ्यावर निवायचा, झालं काम.

पेटायच्या आधी कोळशाला एक तेलकट, गोडसर वास सुटतो. तो नाकोबाला सगळ्यांच्या आधी यायचा. नवा साहेब आला की जुने साहेब त्याला मुद्दाम यार्डात घेऊन यायचे. "हे आमचे नाकोबा," म्हणायचे. नाकोबा खाली मान घालायचा, पण मिशीतलं हसू काही लपायचं नाही. त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर चटक्यांचे डाग होते, आणि चहाचा कप तो नेहमी उजव्या हातात असा धरायचा की ते चारचौघांना दिसावेत. माणूस म्हटला की एवढं चालायचंच.

तर असा मान होता, आणि त्या उन्हाळ्यात तो गेला.

झालं असं, की आजूबाजूच्या सगळ्या माळावर सोलरची पॅनेलं पसरली. दिवसा इतकी वीज यायला लागली की केंद्राला वरून फोन यायचा, आच कमी करा. सूर्य कलला की तोच फोन पुन्हा, आच वाढवा, लवकर वाढवा.

"बॉयलर म्हणजे काय चहाची शेगडी आहे?" डोझरवाला म्हणायचा. "म्हातारं माणूस आहे ते. हाक मारली की आधी कूस बदलणार, मग खोकणार, मग कुठे पाय खाली टाकणार. तोवर ह्यांचा सूर्य बुडालेला."

त्या उठायच्या वेळेपुरती वीज कुठून आणायची, म्हणून केंद्राच्या कुंपणाला लागूनच बॅटऱ्यांचं आवार उभं राहिलं. खोलीएवढे पांढरे लोखंडी डबे, एका रांगेत. दिवसभर उन्हाची वीज पोटात घ्यायची, संध्याकाळी सोडायची, तेवढ्यात बॉयलर अंग झाडून उठतो. कोळसा लागायचा तो लागतच होता, पण पहिल्याइतका नाही. ढीग लहान झाले. लहान ढिगाला नाक कशाला पाहिजे? कंत्राटदारानं माणसं कमी केली. नाकोबाला सांगताना तो चपलेनं माती उकरत होता, वर बघत नव्हता. नाकोबा सळई घेऊनच घरी निघाला. फाटकावर कुणी अडवलंही नाही, आणि हेच त्याला जास्त लागलं.

घरी बायको होती आणि सून होती. मुलगा लांब कुठेतरी पॅनेलं बसवायच्या कामावर असायचा, सणासुदीसारखा कधीतरी उगवायचा. सून शिकलेली, बॅटऱ्यांच्या आवारात नियंत्रण खोलीत बसायची. म्हणजे लेक-सून उन्हावर आणि म्हातारा कोळशावर, अशी घरात वाटणी होती. आता म्हातारा नुसताच राहिला.

नुसतं राहणं फार वाईट. नाकोबा सकाळी उठायचा, सवयीनं बूट चढवायचा आणि मग ओट्यावर बसून पुन्हा काढायचा. बायको म्हणाली, "नखं किती स्वच्छ दिसतात हो तुमची आता." ती चांगल्या मनानं बोलली होती, पण त्याला ते शिवीसारखं लागलं. त्यानं हात बगलेत घातले.

एक दिवस सून जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्याकडे रखवालदाराची जागा आहे. मी साहेबांशी बोलले. ते हो म्हणालेत."

"तुझ्या शब्दावर?"

"माझ्या कशाला? तुमचं काम का त्यांना माहीत नाही?"

बॅटऱ्यांच्या साहेबाला नाकोबाचं काम माहीत असायचं काही कारण नव्हतं. हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. त्यानं भात कालवला आणि मान डोलावली.

बायकोनं नंतर त्याला बाजूला घेऊन समजावलं, "पोरीला पाळीप्रमुख करणार आहेत. एवढ्यातच. अशा वेळी तिनं तुमच्यासाठी शब्द टाकलाय. जरा जपून राहा."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तो म्हणाला.

पहिल्या दिवशी सुनेनंच त्याला आवार दाखवलं. त्याच्या अंगावर नवा गणवेश, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, टोपी कानांवर टेकलेली. बरोबर दुसरे दोन रखवालदार, पोरगेलेसे. त्यांच्यासमोर ती सांगत होती आणि नाकोबा ऐकत होता.

"डब्याचं दार उघडायचं नाही. वास येऊ दे, आवाज येऊ दे, धूर दिसू दे. लांब जायचं आणि मला फोन करायचा."

"धूर दिसला तरी लांब जायचं?"

"तरी."

"आग कुठे आहे ते बघायचं नाही?"

"बघायला आत यंत्रं आहेत, बाबा. कोळशासारखं उकरून चालत नाही इथे. दार उघडलं की अख्खी रांग आपोआप बंद पडते. आणि संध्याकाळी बंद पडली, तर बॉयलर उठेपर्यंत सगळीकडे अंधार."

एका पोरानं तोंडावर हात धरला. हसला असेल, नाहीतर जांभई दिली असेल. नाकोबानं हसलाच असं धरलं. डब्यांच्या किल्ल्या चौकीत खुंटीला असत, दुरुस्तीची माणसं येऊन घेऊन जात. त्याचं काम एवढंच, की कोण आलं, कोण गेलं ते बघायचं आणि संध्याकाळी एक फेरी मारायची. फेरीला काठी म्हणून तो आपली सळई घ्यायचा. सून काही बोलली नाही.

कुंपणापलीकडे यार्ड होतं. डोझरवाला पाणी प्यायला थांबला की हाळी द्यायचा, "काय नाकोबा, डबे हुंगतोस का आता?"

"डब्यांना कसला वास?"

"मग नाक घरी ठेवून येत जा की. उगाच उन्हानं झिजेल."

नाकोबा हसायचा. घरी गेल्यावर मात्र त्याला जेवण जायचं नाही.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी दुरुस्तीचे दोघे जण कॅन घेऊन आले, शेवटच्या डब्यापाशी काहीतरी खुडबुड करून गेले. किल्ली खुंटीला परत लागली. नाकोबानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रखवालदाराला कोण सांगतं? ऊन कललं. माळावरची पॅनेलं तांबूस दिसायला लागली. डब्यांचे पंखे घुमायला लागले, म्हणजे वीज सोडायची वेळ झाली. नाकोबा सळई टेकत फेरीला निघाला आणि शेवटच्या डब्यापाशी त्याचे पाय आपोआप थांबले.

वास. गोडसर, तेलकट.

त्यानं नाक वर केलं. पुन्हा आला. छातीत काहीतरी उसळलं, आणि खरं सांगायचं तर ती भीती नव्हती, आनंद होता. त्यानं डब्याच्या पत्र्याला हाताची पाठ लावली. चटका बसला. अरे, मावळतीची बाजू ती, दिवसभर उन्हात तापलेला पत्रा, चटका बसणार नाही तर काय होणार? पण त्या घडीला हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. वास आणि चटका, दोन्ही जुळले की काम पक्कं. आयुष्यभर तो तेच करत आला होता.

फोन खिशात होता. त्यानं काढलाही. सून म्हणणार, लांब व्हा बाबा. मग यंत्रं बघणार, साहेब येणार, आणि शेवटी काय, तर आग यंत्रानं शोधली. त्या दोन पोरांना कळणारसुद्धा नाही. त्यानं फोन परत खिशात टाकला. चौकीतून किल्ली आणली, सळई भिंतीला टेकवली आणि दार उघडलं.

आतून गार हवेचा झोत त्याच्या तोंडावर आला. ओळीनं बारीक दिवे लुकलुकत होते. सगळं स्वच्छ, घरच्या मांडणीपेक्षा नीटनेटकं. धुराची एक रेषाही नाही. मग कुठेतरी शिट्टी वाजली. ह्या डब्याचा पंखा थांबला. मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा, असे रांगेनं सगळे पंखे थांबत गेले. रस्त्यावरचे दिवे गेले. पलीकडच्या वस्तीतले गेले. पाणी चढवायच्या पंपाची घरघर बंद पडली. वीजकेंद्रातून वाफेचा मोठा फुत्कार आला आणि माणसांची ओरडाओरड ऐकू यायला लागली.

इथवर चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पण पुढे त्यानं काय केलं, तर दार लावलं. कुलूप घातलं. किल्ली चौकीत नेऊन खुंटीला अडकवली आणि खुर्चीवर जाऊन बसला.

थोड्या वेळानं सून टॉर्च घेऊन धावत आली. धाप लागलेली. टॉर्चचा उजेड तिनं त्याच्या तोंडावर नाही, पायांशी धरला.

"बाबा, इकडे कुणी आलं होतं?"

"नाही."

"शेवटच्या डब्यापाशी काही दिसलं? काही झालं?"

"काही नाही. मी इथंच होतो."

तिनं उजेड शेवटच्या डब्याकडे फिरवला. मग "बरं" म्हणाली आणि गेली.

डोझरवाल्याला त्या अंधारात घरून बोलावून घेतलं, कोळसा लोटायला. आच वाढवायला कोळसा पाहिजे आणि बॉयलरकडे नेणाऱ्या पट्ट्यापाशी होता नव्हता तो संपत आलेला. आणि नेमकी त्याच वेळी त्याची लेक दवाखान्यात अडली होती. बाळंतपण दोन मोबाइलच्या उजेडात झालं. मुलगी झाली. सुखरूप, पण बाईचं रक्त फार गेलं, आणि डॉक्टरीण म्हणे रडकुंडीला आली होती. दिवे आले तेव्हा सगळं उरकलं होतं. नाकोबाला हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं. त्याच्या उजव्या हातातला कप डाव्या हातात गेला.

त्याच सकाळी साहेबानं बोलावलं. खोलीत दुरुस्तीचे दोघे होते, सून होती आणि नाकोबा. त्याला कुणी बस म्हणालं नाही आणि तोही बसला नाही.

"शेवटच्या डब्याचं दार काल संध्याकाळी उघडलं गेलं," साहेब म्हणाला. "कुणी उघडलं?"

दुरुस्तीवाल्यांतला एक घाईनं म्हणाला, "साहेब, आम्ही दुपारी रांग बंद ठेवून कूलंट भरलं. गाडीत घालतात तसलं, थंडाव्याचं. थोडं सांडलं खाली, त्याचा गोड वास सुटला होता. पण दार आम्ही नीट लावून गेलो. संध्याकाळी आम्ही नव्हतोच इथे."

गोड वास. आयुष्यभर ज्या नाकाची मिरवणूक काढली, ते सांडलेल्या कूलंटला फसलं होतं.

साहेबानं एकेकाकडे बघितलं. नाकोबाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. नाकोबाला वाटलं, आता बोलावं. बोललो की आधी हे दोघे हसणार, मग ती पोरं, मग सगळं यार्ड. नाकोबानं गावाचे दिवे घालवले म्हणणार. त्यानं बुटांकडे बघितलं. बुटांच्या नाड्या सुनेनंच पहिल्या दिवशी ओवून दिल्या होत्या.

"मी उघडलं, साहेब," सून म्हणाली.

"तुम्ही?"

"वास आला म्हणून बघायला गेले. चूक झाली."

"नियम तुम्हीच सगळ्यांना शिकवता."

"हो."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आणखी कुणाला काही सांगायचंय?" त्यानं विचारलं.

नाकोबा मूग गिळून उभा राहिला. दुसरा शब्दच नाही त्याला.

सुनेला नियंत्रण खोलीतून काढलं आणि माळावर पॅनेलं धुवायच्या कामावर घातलं. पाळीप्रमुख दुसरंच कुणी झालं. नाकोबाची नोकरी मात्र राहिली. बसल्या जागी, सावलीत, खुर्चीसकट.

घरात तिनं सासूला सांगितलं, "काम बदललंय." सासू म्हणाली, "अगं, उन्हात करपून जाशील. तुझ्या साहेबाला काही माणुसकी?" सून हसली. चार दिवसांत तिचं नाक आणि गाल भाजून निघाले. पाण्यात राहून बोटांना भेगा पडल्या. संध्याकाळी ती चुलीपाशी बसून त्यांत तेल भरायची आणि नाकोबा दुसरीकडे बघायचा. त्याच्याशी ती पहिल्यासारखीच बोलायची. तीच हाक, तोच आवाज. तिनं भांडी आपटली असती, टोमणा मारला असता, तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"सूनबाई," त्यानं एकदा सुरुवात केली.

"बाबा, डबा घेतलात ना?"

"घेतला."

"मग चला, उशीर होतोय."

दोघं एकाच रस्त्यानं जायचे. फाटकापाशी तो डावीकडे सावलीत वळायचा, ती सरळ उन्हात. तिनं रबरी बूट घातलेले असायचे, पुरुषाच्या मापाचे, चालताना टाचेत फटफटायचे. तो आवाज लांब जाईपर्यंत नाकोबा चौकीत शिरायचा नाही.

मग एका सकाळी डोझरवाला कुंपणापाशी आला. डोझर मागे उभा करून, गमछ्यानं तोंड पुसत.

"नात घरी आली," तो म्हणाला. "मुठी अशा आवळून झोपते, जणू कुणाशी कुस्ती खेळायचीय."

"बरं झालं," नाकोबा म्हणाला.

"लेक अजून पिवळी पडलेली आहे. उठून बसली की घेरी येते." डोझरवाला जरा घुटमळला. "एक बोलू का? राग मानू नको. तुझ्या सुनेनं असं करायला नको होतं. एवढी शिकलेली बाई. तुझ्यासारख्या अडाण्यानं केलं असतं तर एक वेळ समजलो असतो. माझी लेक गेली असती रे त्या अंधारात." त्यानं डोळे पुसले. "तुझी सून म्हणून मी चारचौघांत काही बोललो नाही. पण मनातून उतरली माझ्या. राग नाही ना आला तुला?"

"नाही," नाकोबा म्हणाला.

एवढंच म्हणाला. डोझरवाला कुंपणाच्या जाळीतून दोन बोटं घालून त्याच्या खांद्याला लावून गेला, मोठ्या मनानं. नाकोबाला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. लाज म्हणजे काय, ते त्याला आजवर ठाऊक नव्हतं. नोकरी गेली तो अपमान होता. ही लाज. ती अंगातून कुठे जात नव्हती.

तो तसाच साहेबाच्या खोलीत गेला. टोपी काढून उभा राहिला.

"साहेब, त्या दिवशी दार मी उघडलं होतं."

साहेबानं कागद बाजूला सारले. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "चौकीसमोर कॅमेरा आहे, शेवटच्या डब्यासमोरही आहे. दार उघडलंत, लावलंत, किल्ली टांगून बसलात, सगळं आहे त्यात."

"मग तुम्ही..."

"मी त्या सकाळी दोनदा विचारलं. तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या सुनेनं सगळ्यांसमोर स्वतःचं नाव घेतलं. मी वर तेच कळवलं, माझंही चुकलंच." त्यानं चष्मा काढून पुसला. "आता मी ते बदलायचं बघतो. होईल की नाही सांगता येत नाही. तुमची नोकरी मात्र राहणार नाही."

"नकोच," नाकोबा म्हणाला. दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "कॅमेऱ्याचं ते कुठे दिसतं, साहेब?"

"नियंत्रण खोलीत. पडदा समोरच असतो. त्या दिवशी तिचीच पाळी होती."

नाकोबाला हे कळायला बाहेर उन्हात यावं लागलं. म्हणजे ती टॉर्च घेऊन धावत आली तेव्हा सगळं बघूनच आली होती. कुणी आलं होतं का, बाबा? नाही. काही झालं? काही नाही. मी इथंच होतो.

तो माळाकडे चालायला लागला. पॅनेलांच्या रांगांमधून बायका लांब दांड्याचे पोछे मारत होत्या. पाणी काचेवरून ओघळून मातीत जिरत होतं. सून शेवटच्या रांगेत होती, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला फडकं. त्याला बघून तिनं पोछा उभा केला.

"बाबा? काय झालं? आईंना बरं नाही का?"

"दार मी उघडलं होतं," नाकोबा म्हणाला. सगळ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "हिनं नाही. मी उघडलं, आणि लावून गप्प बसलो."

पोछे थांबले. एक बाई "अगं बाई" म्हणाली. सुनेनं नळ बंद केला.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. आता आवाज खाली गेला होता. "मग मला येऊन विचारलंस कशाला?"

ती पोछ्याचं फडकं पिळत राहिली. भेगांत पाणी झोंबत असावं, ओठ दाबून धरले होते तिनं.

"आमचे हे त्यांच्या लहानपणापासूनचं सांगायचे," ती म्हणाली, "आमच्या बाबांचं नाक कधी चुकत नाही. चुकलं तर बाबा काय करतात, ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून विचारलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पुन्हा नळ सोडला. "टोपी घाला, ऊन आहे," म्हणाली आणि काचेवर पोछा फिरवायला लागली.

नाकोबानं टोपी घातली नाही. ती परत द्यायची होती. चौकीत जाऊन त्यानं ती खुंटीला, किल्ल्यांच्या शेजारी अडकवली. सळईला हात लावला नाही. मग तो कुंपणापाशी गेला. पलीकडे डोझर कोळसा लोटत धडधडत होता, धुळीनं डोझरवाल्याचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. हाक मारून उपयोग नव्हता. नाकोबानं हात वर केला, ढिगावरून करायचा तसा, आणि तसाच धरून उभा राहिला.

डोझर थांबला. इंजिन बंद झालं. डोझरवाला उडी मारून धावतच आला.

"कुठे? कुठे पेटलंय?"

"ढीग नाही पेटला," नाकोबा म्हणाला. "इकडे ये जरा. तुझ्या लेकीबद्दल बोलायचंय."